पूड उभी होती

"साहब, आर्क भाग रहा है।"

वेल्डिंग करणाऱ्या उस्तादनं हेल्मेटची काच वर केली आणि एवढंच म्हणाला. २००९ चा मे महिना. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली सकाळी अकरालाच उभं राहवत नव्हतं. समोर स्टँडवर चोवीस इंची पाइपचा जॉइंट फिट करून ठेवलेला, वीस मिलिमीटर जाडी, काठांना बेव्हल, म्हणजे तिरका उतार, मधे तीन मिलिमीटरची फट. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, टिग वेल्डिंगनं मारायचा होता. त्यात टंगस्टनच्या टोकापासून पाइपपर्यंत विजेची ज्योत पेटती ठेवतात, तोच आर्क, आणि त्याच्याभोवती आर्गॉन वायू सोडतात. एकशेदहा अँपिअर, आर्गॉन चालू, सगळं रोजच्यासारखं. उस्ताद दोन इंच पुढे गेला आणि थांबला.

मी त्याला म्हटलं, अर्थिंग बघ, टंगस्टन पुन्हा घासून घे, हात स्थिर ठेव. त्यानं अर्थिंगचा क्लॅम्प काढून घासून परत लावला, टंगस्टनला नवं टोक काढलं, आणि कसाबसा रूट पूर्ण केला. असे नऊ जॉइंट झाले. एक्स-रे फिल्म आल्या तेव्हा नऊपैकी सहा नापास. रूटमध्ये लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे वितळलेलं लोखंड काठाला चिकटलंच नव्हतं, नुसतं शेजारी जाऊन बसलं होतं. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती. मी उस्तादला कामावरून बाजूला केलं. तो काही बोलला नाही. हेल्मेट, हातमोजे, स्वतःची पितळी ब्रश पिशवीत घातली आणि गेला. चोवीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस.

त्याच्या जागी दुसरा लावला. तासाभरात तोही काच वर करून उभा राहिला. हा आपल्या पादरा गावाकडचा, गुजराती. म्हणाला, "साहेब, आर्क भागे छे." भाषा बदलली, वाक्य तेच.

मग मला तो काठ दिसला. दिसला म्हणजे, आधीही दिसला होता. बेव्हल ग्राइंड करताना जी लोखंडाची बारीक पूड पडते ती फटीच्या दोन्ही काठांवर केसांसारखी उभी होती. काही ठिकाणी अलीकडची पूड पलीकडच्या पुडीला टेकून बारीक पूल झालेले. सकाळी मीच फडक्यानं ती पुसून टाकली होती. पुसल्यावर परत ग्राइंडर फिरवला तर परत उभी. पूड उभी राहते ती एकाच कारणानं, आणि ते कारण मला कलाभवनात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

एनडीटीचं, म्हणजे जॉइंट न तोडता तपासायचं, काम करणाऱ्या एका मुलाला फोन करून चुंबकत्व मोजायचा गॉस मीटर मागवला. तो स्कूटरवर घेऊन आला. पेन्सिलीएवढी चपटी दांडी, टोकाशी नखाएवढा सेन्सर. त्यानं पाइपच्या मोकळ्या तोंडाशी धरला तर सोळा गॉस. मी म्हटलं, एवढं काही जास्त नाही. त्यानं टोक फटीत घातलं. बहात्तर.

हे इथे जरा थांबून सांगतो, कारण कित्येक चांगले फिटर इथेच फसतात. पाइपचं तोंड मोकळं असतं तेव्हा चुंबकाच्या रेषा हवेत पसरून जातात, म्हणून आकडा लहान येतो. तेच तोंड दुसऱ्या पाइपसमोर तीन मिलिमीटरवर आणलं की त्या सगळ्या रेषा त्या अरुंद फटीतून पलीकडे उडी मारतात. म्हणून मोजायचं ते फिटअप झाल्यावर आणि फटीतच. बडोद्यात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. दहा गॉसपर्यंत वेल्डर कुरकुर न करता काम करतो. वीसच्या वर गेलं की आर्क वळवळायला लागतो. चाळीसच्या वर टिगनं रूट मारणं म्हणजे वाऱ्यात निरांजन धरण्यासारखं. आमच्याकडे बहात्तर. पाइप ज्या यार्डातून आले होते तिथे ते लोहचुंबकाच्या क्रेननं उचलले जात, हे मला नंतर कळलं.

उपाय जुना आहे आणि सोपा आहे. वेल्डिंगची केबल घेतली, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पाइपवर पाच पाच वेढे मारले, दुसऱ्या रेक्टिफायरला, म्हणजे वेल्डिंगच्या मशीनला, जोडली आणि हळूहळू करंट चढवला. गॉस मीटरचं टोक फटीतच ठेवलेलं. आकडा चढायला लागला. ब्याऐंशी, शंभर, एकशेतीस. म्हणजे वेढ्यांची दिशा उलटी. मशीन बंद करून केबलची टोकं अदलाबदल केली, पुन्हा चढवला. साठ. चाळीस. एकवीस. नऊ. चार. चारवर करंट तसाच धरून ठेवला आणि वेल्डरला म्हटलं, मार. आर्क खाली सरळ रेषेत उभा राहिला, देवापुढच्या वातीसारखा. एकदा रूटचा पहिला थर पूर्ण बसला की मग काळजी नाही, कारण चुंबकाच्या रेषांना त्या लोखंडातून जायला रस्ता मिळतो आणि त्या फटीत यायच्या बंद होतात. कॉइल काढून टाकली तरी चालते.

संध्याकाळी तरसालीला उस्तादच्या खोलीवर गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो स्टोव्हवर भात करत होता. म्हणाला, "बुरादा तो खड़ा था साहब। मैंने सोचा, आपने देखा होगा।"

दुसऱ्या दिवशी तो आला, सहाही जॉइंट त्यानंच कापून पुन्हा मारले, सहाही पास झाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी बघितलं होतं, हे त्यानं गृहीत धरलं होतं. आणि मी खरंच बघितलं होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. आर्क पळतो हे प्रत्येक वेल्डरला माहीत असतं, चुंबकामुळे पळतो हेही बहुतेकांना माहीत असतं. पण नक्की कसा पळतो? माझ्या डोक्यात इतकी वर्षं एक चुकीचं चित्र होतं, की चुंबक आर्कला आपल्याकडे ओढतो, खिळा ओढावा तसा. तसं नाहीये. आणि हे कळायला मला माझ्या भाचीची वाट बघावी लागली. ती इथेच महाराजा सयाजीराव विद्यापीठात फिजिक्समध्ये एमएस्सी करते. रविवारी दांडिया बाजारात आमच्याकडे येते, सेव उसळ खाते आणि मग मला शिकवते.

"मामा, तुझा आर्क हा प्लाझ्माच आहे," हे तिचं पहिलं वाक्य होतं. वायू इतका तापला की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, मागे उरतात धन भाराचे आयन. दोन्ही मोकळे, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. असा वायू वीज वाहतो. आर्गॉन एरवी पक्का इन्सुलेटर, पण टिगच्या आर्कमध्ये दहा हजार अंशांच्या वर तापमान जातं, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जवळजवळ दुप्पट, आणि तिथे आर्गॉन तारेसारखा वागायला लागतो. किती तापमानाला किती अणू फुटतील याचं सूत्र मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. ते ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावण्यासाठी दिलं होतं, पण माझ्या वेल्डिंग टॉर्चच्या टोकाशीही तेच चालतं. हे कळल्यावर मला साहांबद्दल एकदम घरच्या माणसासारखं वाटलं. प्लाझ्मा हे नाव लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये दिलं, म्हणजे नाव पडायच्या कितीतरी आधीपासून लोक आर्क लावत होते.

मग तिनं मला डावा हात वर करायला लावला. फ्लेमिंगचा नियम, दहावीचा. पहिलं बोट चुंबकाची दिशा, मधलं बोट करंटची, अंगठा जिकडे दाखवेल तिकडे जोर. तिघंही एकमेकांना काटकोनात. आता आमचा पाइप बघा. चुंबकाच्या रेषा फटीतून आरपार, एका पाइपकडून दुसऱ्याकडे. करंट टंगस्टन आणि फट यांच्यामधे, उभा. मग जोर कुठे? दोन्ही पाइपांपैकी कुणाकडेच नाही. सांध्याच्या रेषेत, पुढे किंवा मागे. म्हणजे उस्तादचा आर्क सांध्याच्या रेषेतच पळत होता. कधी वितळलेल्या लोखंडाच्या पुढे उडी मारायचा, कधी मागे लोळायचा, आणि ज्या जागी काठ वितळायला हवेत तिथे टिकतच नव्हता. फिल्मवर जे दिसलं त्याचा उगम हा.

आम्ही हिशेबही केला, वहीच्या मागच्या पानावर. एकशेदहा अँपिअर, तीन मिलिमीटर आर्क, बहात्तर गॉस. जोर निघाला साधारण पाव ग्रॅम वजनाएवढा. मी म्हटलं, एवढासा? ती म्हणाली, आता आर्कचं वजन काढ. तीन मिलिमीटर उंच, चार मिलिमीटर जाड, आणि आतला वायू इतका तापलेला की हवेपेक्षा कितीतरी विरळ. ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्याच्या आसपास. म्हणजे आर्कच्या स्वतःच्या वजनाच्या दोन लाख पटींहून जास्त जोर त्याला बाजूला ढकलत होता. मी वही तशीच धरून बसलो. हात स्थिर ठेव, असं मी उस्तादला सांगितलं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मोकळ्या जागेत एकटा इलेक्ट्रॉन घ्या, चुंबकीय क्षेत्रात सोडा. जोर कायम त्याच्या चालीला काटकोनात. तो पुढून ओढत नाही, मागून ढकलत नाही, फक्त वळवतो. गोफणीत दगड फिरतो तेव्हा दोरी त्याला आत ओढते, पण तिच्यामुळे दगडाचा वेग वाढत नाही, दिशा बदलत राहते. तसंच. म्हणून इलेक्ट्रॉन गोल फिरायला लागतो. वेग तोच राहतो, ऊर्जा तीच राहते. चुंबक त्याला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. क्षेत्राच्या रेषेच्या दिशेनं मात्र त्याला मोकळीक असते. म्हणजे तो गोल फिरत फिरत रेषेवरून पुढे सरकतो, मळसूत्रासारखा.

"मग माझ्या आर्कमध्ये ते गोल का फिरत नाहीत?" हा मला बरेच दिवस छळणारा प्रश्न. गर्दी, हे उत्तर. बहात्तर गॉसमध्ये इलेक्ट्रॉनला सेकंदाला वीस कोटी फेऱ्या मारायच्या असतात, पण आर्क भरगच्च आहे, आणि एक फेरी पूर्ण व्हायच्या आत त्याला शेकडो धडका बसतात. मांडवीच्या चार दरवाजात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला गोल फिरून बघायचंय असं समजा. चार पावलंही वळता येणार नाही. पण प्रत्येक धडकेनंतर पुन्हा जरासं त्याच बाजूला वळायचा प्रयत्न सगळेच करतात, आणि मग सगळी गर्दीच्या गर्दी एका बाजूला सरकते. आर्क पळतो तो असा. सुटे कण गोल फिरत नाहीत, अख्खा आर्क झुकतो.

आता गर्दी काढून टाका. गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, भाची कॉलेजतर्फे तिथे जाऊन आली होती. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये तिचं काम एक कार्यक्रम म्हणून सुरू झालं आणि १९८६ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. तिथे 'आदित्य' नावाचं टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रानं प्लाझ्मा कोंडून धरायचं यंत्र, आहे, १९८९ पासूनचं, देशात बांधलेलं पहिलं. आकार मेदूवड्याचा, मोठी त्रिज्या पंचाहत्तर सेंटीमीटर, वड्याच्या जाडीची पंचवीस. आतला वायू आपल्या हवेच्या दहा लाखाव्या भागाइतका विरळ, आणि चुंबकीय क्षेत्र टेस्लाच्या घरातलं. एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस. तिथे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे दोन हजार आठशे कोटी फेऱ्या मारतो, एका धडकेआधी लाखाच्या वर. त्याचं वर्तुळ केसाच्या जाडीएवढं, आयनचं मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. म्हणजे लाखो अंश तापलेला वायू, आणि त्यातला प्रत्येक कण आपापल्या रेषेला बांधलेला, भिंतीपर्यंत पोचतच नाही. ज्या काटकोनी जोरानं माझे सहा जॉइंट घालवले तोच जोर तिथे भांड्याचं काम करतो.

मी विचारलं, मग वडाच का? सरळ पाइप का नाही? कारण रेषेच्या दिशेनं कण मोकळाच असतो. सरळ पाइपच्या दोन्ही टोकांतून सगळे निघून जातील. म्हणून टोकंच ठेवायची नाहीत, रेषा गोल करून स्वतःशीच जोडायच्या. पण गोल केल्या की नवी अडचण. वड्याच्या आतल्या बाजूला गुंडाळ्या दाटीनं बसतात, तिथे क्षेत्र जास्त. बाहेरच्या बाजूला कमी. कणाचं वर्तुळ आतल्या बाजूला जरा आखूड आणि बाहेरच्या बाजूला जरा मोठं पडतं, म्हणून फेरी जिथून सुरू झाली तिथे ती मिटत नाही. आयन वर सरकत जातात, इलेक्ट्रॉन खाली, किंवा उलटं. वरखाली भार वेगळे झाले की विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते सगळा प्लाझ्मा उचलून बाहेरच्या भिंतीवर फेकतं. यावर सोव्हिएत संघात टाम आणि साखारोव्ह यांनी १९५० च्या सुमारास मार्ग काढला. प्लाझ्मातूनच वड्याभोवती मोठा करंट वाहवायचा. त्याचं स्वतःचं क्षेत्र मूळ क्षेत्रात मिसळलं की रेषांना पीळ पडतो. मग कण रेषेवरून जाताना कधी वर असतो, कधी खाली, आणि वरचं सरकणं खालच्यानं भरून निघतं. 'आदित्य'मध्ये हा करंट लाखभर अँपिअरपर्यंत जातो. मी एकशेदहावर खूश होतो.

या पिळाची गोष्ट ती सांगत होती तेव्हा मध्येच एक शब्द आला आणि मी खुर्चीतून उठलो. १९५० च्या दशकात आधी लोकांनी बाहेरच्या क्षेत्राशिवाय नुसत्या करंटनंच प्लाझ्मा आवळून धरायचा प्रयत्न केला होता. करंटचं स्वतःचं क्षेत्र त्याला आवळतं, त्याला पिंच म्हणतात. मिग वेल्डिंगमध्ये वितळणाऱ्या तारेच्या टोकावरचा थेंब याच पिंचनं सुटतो, हे मला माहीत होतं. पण तो आवळलेला प्लाझ्मा जरासा कुठे वाकला की संपलं. वाकल्यावर बाकाच्या आतल्या बाजूला चुंबकाच्या रेषा दाटतात, बाहेरच्या बाजूला विरळ होतात, दाटीकडून विरळाकडे जोर लागतो आणि बाक आणखी वाढतो. मग आणखी. सेकंदाच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात प्लाझ्मा भिंतीला जाऊन भिडतो.

अहो, हे तर अर्थिंगचं आहे. पाइप चुंबकीय नसतानाही आर्क पळतो तो दुसरा प्रकार, प्रत्येक वेल्डरनं भोगलेला. करंट रॉड आणि प्लेट यांच्यामधे उभा, आणि प्लेटमध्ये पोचला की काटकोनात वळून अर्थिंगच्या क्लॅम्पकडे. तो काटकोन म्हणजे बाक. त्याच्या आतल्या बाजूला रेषा दाटतात आणि आर्कला क्लॅम्पच्या उलट बाजूला ढकलतात. म्हणून जुने लोक सांगतात, अर्थिंगकडून सुरू कर आणि लांब जात वेल्ड मार. मी हे शेकडो मुलांना सांगितलं असेल. कारण विचारलं तर म्हणायचो, असंच असतं. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्या दुखण्यानं त्रासल्या, ते दुखणं आमच्या शेडमध्ये रोज क्लॅम्प सरकवून बरं केलं जात होतं! त्यांचा इलाज असा, की प्लाझ्माच्या लांबीच्या दिशेनं जबरदस्त क्षेत्र लावायचं. रेषा ताणलेल्या दोरीसारख्या वागतात, वाकायला विरोध करतात. वाकणं पूर्ण थांबत नाही, म्हणून करंट किती घ्यायचा याला मर्यादा राहते, पण प्लाझ्मा उभा राहतो.

गॉस मीटरबद्दल एक सांगायचं राहिलं. त्याच्या टोकाशी असते अर्धवाहकाची एक पातळ चकती. तिच्यातून बारीकसा करंट सोडलेला असतो. चुंबकीय क्षेत्रात नेली की आतले भार एका काठाकडे वळतात आणि दोन काठांमध्ये थोडंसं व्होल्टेज येतं, तेच आकड्यात दिसतं. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये हे शोधलं. म्हणजे आर्क ज्या जोरानं पळत होता, त्याच जोरानं त्या बोटभर दांडीत बहात्तर हा आकडा दाखवला. मी त्याच आठवड्यात स्वतःचा एक घेतला. माझ्या पिशवीत टॉर्च आणि व्हर्निअरच्या शेजारी तो असतो, आणि कुठल्याही वेल्डरचा जॉइंट नापास झाला की मी माणसाशी बोलायच्या आधी फटीत टोक घालतो.

गेल्या महिन्यात भाची म्हणाली, मला हे डोळ्यांनी बघायचंय. रविवारी शेड बंद असते. गणपती मंडळाच्या जुन्या भोंग्यातला कडीसारखा चुंबक माझ्याकडे पडून होता. साधी लोखंडी प्लेट घेतली असती तर चुंबकाच्या रेषा तिनंच पिऊन टाकल्या असत्या, म्हणून स्टेनलेसची ३०४ ची प्लेट घेतली. ती चुंबकाला जवळजवळ दादच देत नाही. फ्रान्समध्ये जे 'इटर' नावाचं मोठं टोकामॅक उभं राहतंय त्याचं बाहेरचं प्रचंड भांडं, क्रायोस्टॅट, एकोणतीस मीटर रुंद, तेवढंच उंच, ३,८५० टनांचं, तेही याच जातीच्या स्टेनलेसचं, आणि त्याचे भाग आपल्या हजिऱ्याला बनले. मला फोटोतसुद्धा त्यातले सांधे आधी दिसतात. कुणीतरी माणसं काच खाली करून तिथे बसली होती.

टॉर्च स्टँडला बांधला, साठ अँपिअर. तिला मोठं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा कोट, हातमोजे. आर्क लावला. काचेतून बघितलं तर हिरवट अंधारात एक घंटेसारखा आकार, टोकाशी पांढरा, खाली पसरत गेलेला, अगदी सरळ. मग मी चुंबक लाकडी ठोकळ्यावर ठेवून उजवीकडून हळूहळू सरकवत आणला. एक वीत. अर्धी वीत. घंटा हलली. चुंबक उजवीकडे होता आणि आर्क आमच्या दिशेनं झुकत होता. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, सरळ आमच्याकडे. चुंबक आणखी जवळ नेला तेव्हा तो जवळजवळ आडवा झाला, आणि प्लेटवरचा लाल ठिपका टंगस्टनच्या खालून निघून दोन बोटं अलीकडे आला. हेल्मेटच्या आतून तिचा आवाज आला, "मामा, अंगठा!" तिनं हातमोज्यातला डावा हात तसाच धरला होता.

उस्ताद आता बलिया जिल्ह्यात आपल्या गावी असतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तिनंच सुचवलं, त्यांना दाखवू या. व्हिडिओ कॉल लावला, फोनसमोर वेल्डिंगची काच धरली आणि पुन्हा आर्क लावला. तिकडे नातवंडांचा गोंगाट चालला होता. चुंबक आणला, आर्क आमच्याकडे झुकला. उस्ताद बराच वेळ बघत राहिला. मी चुंबकाला हात लावायच्या आत तो म्हणाला, "अब पलट दीजिए साहब। उधर भागेगा, दीवार की तरफ।"

मी चुंबकाची दुसरी बाजू पुढे केली. आर्क क्षणभर सरळ झाला आणि भिंतीकडे झुकला.